घरी काडतुसं रिलोड करायची आहेत? पहिली साधनं कशी निवडावीत : अमेरिकेतल्या मराठी नेमबाजांसाठी

अमेरिकेत रेंजवर नियमित जाणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींकडून हल्ली मला एक प्रश्न वारंवार येतो : रिलोडिंग, म्हणजे झाडलेली काडतुसं पुन्हा भरणं, सुरू करायचंय, त्यासाठीचं दाबयंत्र म्हणजे प्रेस कोणती घेऊ? प्रश्न रास्त आहे, पण तो चौथा आहे. त्याआधी कायदा, काडतूस आणि पुस्तक असे तीन निर्णय घ्यावे लागतात. ते नीट घेतले की प्रेस कोणती घ्यायची हे बहुतेक ठरूनच जातं. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे. यात पावडरचं एकही प्रमाण दिलेलं नाही, ते मुद्दाम. ते छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचं असतं, कुणाच्या लेखातून नाही.

काम काय असतं, ते आधी

काडतुसाचे चार भाग : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला, पावडर पेटवणारा प्रायमर, आतली पावडर आणि तोंडात बसवलेली गोळी. झाडल्यावर प्रायमर आणि पावडर खर्ची पडतात, गोळी निघून जाते आणि पुंगळी हाती राहते. चौघांत बहुतेक वेळा तीच सर्वांत महाग असते. ती पुन्हा वापरात आणायची, हेच रिलोडिंग.

पुंगळी आधी साफ करायची. मग प्रेसवर डाय नावाच्या साच्यात दाबून तिला मूळ मापावर आणायचं, त्याला साइझिंग म्हणतात, त्याच दाबात जुना प्रायमर बाहेर पडतो. लांबी तपासायची, वाढली असेल तर कापायची. नवा प्रायमर बसवायचा, पावडर तोलून भरायची, गोळी ठरलेल्या खोलीवर बसवायची, आणि गरज असेल तिथे पुंगळीचं तोंड गोळीभोवती हलकंसं आवळायचं, त्याला क्रिंप म्हणतात. बाजारातलं प्रत्येक साधन यातल्या कुठल्या तरी एका कामासाठी असतं. दुकानात काही आवडलं, तर ते कोणत्या कामाचं हे स्वतःला विचारा. उत्तर देता आलं नाही तर ते सध्या घेऊ नका.

दोन प्रकारच्या पुंगळ्या सोडूनच द्यायच्या. .२२ एलआरसारख्या रिमफायर काडतुसात प्रायमरचा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, ती घरी रिलोड होत नाहीत. आणि बर्डन प्रायमरच्या पुंगळ्या. आत टॉर्च मारून पाहिलं तर बुडाशी मधोमध एकच भोक दिसलं पाहिजे, ती बॉक्सर प्रायमरची. दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डनची. जुना प्रायमर ढकलून काढणारी नेहमीची डिकॅपिंग पिन त्यात घातली तर वाकते किंवा तुटते. गंमत अशी की बॉक्सर हा ब्रिटिश अधिकारी आणि त्याचा प्रायमर अमेरिकेत रुजला, तर बर्डन हा अमेरिकन आणि त्याचा युरोपात.

पैसे वाचतात का, हेही स्पष्ट सांगते. ९ एमएम हे कारखान्यात प्रचंड संख्येने बनणारं काडतूस आहे, त्यात बचत थोडीच होते आणि साधनांचा खर्च भरून निघायला खूप वेळ लागतो. .३५७ मॅग्नम, .४५-७० यांसारखी महाग काडतुसं किंवा लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी लागणारी अचूक रायफल काडतुसं यांत फरक जाणवतो. पण या छंदाचं खरं देणं अचूकता आहे : आपल्या रायफलला कोणती गोळी, कोणत्या खोलीवर बसवलेली मानवते, हे शोधून तशीच काडतुसं पुन्हा पुन्हा बनवता येणं.

पायरी पहिली : तुम्हाला परवानगी आहे का?

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी काडतुसं रिलोड करायला परवाना लागत नाही. विकायची असतील तर उत्पादकाचा संघीय परवाना लागतो. इथवर बहुतेकांना माहीत असतं. आपल्या लोकांना माहीत नसलेली गोष्ट व्हिसाची आहे.

एच-१बी, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणं, असे काही अपवाद आहेत. आणि त्या कायद्यात काडतूस या शब्दाची व्याख्या रुंद आहे : भरलेलं काडतूस तर आहेच, पण पुंगळ्या, प्रायमर, गोळ्या आणि पावडरही त्यात धरल्या आहेत. म्हणजे बंदूक घरात नसली तरी कपाटातला प्रायमरचा डबा अडचणीत आणू शकतो. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही मनाई लागू नाही. तुम्ही व्हिसावर असाल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, अपवादात बसतो असं स्वतःच ठरवू नका. वर्षानुवर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने अशा गोष्टीत धोका पत्करू नये, असं मला फार कळकळीने वाटतं.

त्यापुढे राज्याचे नियम, शहराची अग्निसुरक्षेची नियमावली आणि भाड्याच्या घरात राहत असाल तर घराचा करार. अनेक अपार्टमेंटच्या करारात ज्वालाग्राही साहित्याबद्दल कलम असतं, तेही वाचा.

भारतात वाचणाऱ्यांसाठी : शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार काडतुसं बनवायला परवाना लागतो, त्यामुळे हा घरगुती छंद तिथे नाही. इथून सुट्टीला जाणाऱ्यांनी यातली कोणतीही वस्तू सामानात नेऊ नये. पावडर आणि प्रायमर तर विमानात हँडबॅगेतही चालत नाहीत आणि चेक-इनमध्येही नाहीत. रेंजवर नेलेली बॅग भारताच्या प्रवासाला वापरूच नका. कोपऱ्यात राहून गेलेल्या एका काडतुसावरून तिथल्या विमानतळांवर गुन्हे दाखल झालेले आहेत.

पायरी दुसरी : एकच काडतूस निवडा

घरात तीन बंदुका असल्या तरी सुरुवात एकाच काडतुसाने करा. पुढची निम्मी खरेदी त्यावर ठरते.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरची बहुतेक काडतुसं सरळ भिंतीची असतात. यांच्यासाठी कार्बाइडची साइझिंग डाय मिळते, ती घेतली की पुंगळीला वंगण लावावं लागत नाही. लांबीही फारशी वाढत नाही, त्यामुळे कापण्याचं काम जवळपास नसतं. .३८ स्पेशल मला शिकण्यासाठी सर्वांत आवडतं. दाब कमी, पुंगळी हाताळायला मोठी आणि खूप वेळा वापरता येणारी, शिवाय रिव्हॉल्व्हर ती रानोमाळ फेकत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. हे १८९८ सालचं, काळ्या पावडरच्या दिवसांतलं काडतूस आहे, त्यामुळे आजची पावडर भरली की पुंगळीत बरीच जागा रिकामी राहते आणि चुकून दोनदा भरलेली पावडरही आत सहज मावते. त्यावरचा उपाय तोलण्याच्या भागात सांगितला आहे. ९ एमएम त्या मानाने कडक आहे. पुंगळी छोटी असल्याने गोळी जराशी खोल बसली तरी आतला दाब झपाट्याने वाढतो.

.२२३ रेमिंग्टन, .३०८ विंचेस्टर अशा रायफलच्या काडतुसांची मान अरुंद असते. त्यांना साइझिंगपूर्वी वंगण लागतं. ते कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अशी अडकते की ती काढायला वेगळा संच आणावा लागतो. प्रत्येक वापरात पितळ मानेकडे सरकतं आणि पुंगळी लांब होते. .२२३ ची कमाल लांबी १.७६० इंच, कापायची १.७५० वर. .३०८ ची कमाल २.०१५, कापायची २.००५ वर. म्हणजे पुंगळी कापायचा ट्रिमर, कडा घासायचं हत्यार आणि पुंगळीच्या खांद्याचं माप तपासायचं गेज, इतकी भर पडते. सैन्याच्या पुंगळ्या घेतल्या तर त्यांचा प्रायमर कडेने ठोकून पक्का केलेला असतो, ती कड काढायचं साधन आणखी वेगळं. नवख्याने पहिल्या खेपेला तरी सैन्याच्या पुंगळ्या टाळाव्यात.

पायरी तिसरी : आधी पुस्तकं

यंत्राआधी दोन मॅन्युअल घ्या. एक लायमनचं, कारण ते अनेक कंपन्यांच्या गोळ्यांची माहिती देतं आणि त्यातली सुरुवातीची प्रकरणं शिकवण्यासाठी लिहिलेली आहेत. दुसरं, तुम्ही ज्या कंपनीच्या गोळ्या वापरणार तिचं, म्हणजे हॉर्नाडी, सिएरा वगैरे. पावडर बनवणाऱ्या कंपन्या आपापली माहिती त्यांच्या संकेतस्थळावरही देतात. दोन ठिकाणचे आकडे थोडे वेगळे दिसतात, कारण चाचणीची बंदूक, पुंगळी आणि प्रायमर वेगळे असतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की सुरुवात नेहमी किमान प्रमाणापासून का करायची, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पावडरचं नाव पुस्तकात असेल तसंच्या तसं, अक्षरासकट जुळलं पाहिजे. ४३५० हा आकडा हॉजडनच्या पावडरवर आहे, आयएमआरच्या आहे आणि ॲक्युरेटच्याही आहे. या तीन वेगवेगळ्या पावडरी आहेत आणि एकीचं प्रमाण दुसरीला लावायचं नसतं.

मॅन्युअलची पहिली शंभर-दीडशे पानं सलग वाचून काढा. ती वाचताना कंटाळा आला तर हा छंद तुमच्यासाठी नाही, हे पैसे खर्च होण्यापूर्वीच कळलेलं बरं.

पायरी चौथी : प्रेस

प्रेस तीन प्रकारच्या. सिंगल स्टेजमध्ये एका वेळी एकच डाय बसते आणि दांड्याच्या एका दाबात एका पुंगळीवर एकच काम होतं. पन्नास पुंगळ्या साइझ करायच्या, मग डाय बदलून पुढचं काम. टरेट प्रेसमध्ये चार किंवा अधिक डाय एका फिरत्या चकतीवर बसतात. पुंगळी जागेवर राहते आणि डाय बदलत जातात. प्रोग्रेसिव्हमध्ये चार-पाच पुंगळ्यांवर एकाच वेळी वेगवेगळी कामं चालतात आणि प्रत्येक दाबाला एक तयार काडतूस बाहेर पडतं.

प्रोग्रेसिव्ह पहिली प्रेस म्हणून घेऊ नका. डिलनची आरएल ५५० सी किंवा एक्सएल ७५० ही उत्तम यंत्रं आहेत, स्पर्धेत भाग घेणाऱ्याला त्यांच्याशिवाय पुरणार नाही. पण नवख्याच्या हाताला प्रायमर नीट बसल्याची, डाय घासल्याची, गोळी तिरकी लागल्याची जाणीव अजून झालेली नसते. ती जाणीव एका वेळी एकच काम करताना तयार होते. पाच कामं एकाच दाबात घडत असतील तर पावडर न पडलेली पुंगळी पुढे निघून जाते. अशा काडतुसाची गोळी नुसत्या प्रायमरच्या जोरावर नळीत अडकते, आणि त्यामागून दुसरी झाडली तर नळी फाटते. हाताला इजा होते, डोळ्यालाही होऊ शकते.

रायफलची काडतुसं करायची असतील तर बिडाची, चारी बाजूंनी बंद चौकटीची सिंगल स्टेज प्रेस घ्या. आरसीबीएसची रॉक चकर सुप्रीम, लीची क्लासिक कास्ट, रेडिंगची बिग बॉस टू यांपैकी कोणतीही आयुष्यभर पुरेल. बंद चौकट का? रायफलची पुंगळी दाबताना बराच जोर लागतो. एका बाजूने उघडी ॲल्युमिनियमची हलकी चौकट त्या जोराने किंचित उघडते आणि मापात फरक पडतो. आरसीबीएस हे नाव मुळात 'रॉक चक बुलेट स्वेज' याचं लघुरूप. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये रॉक चक नावाच्या प्राण्याच्या शिकारीसाठी गोळ्या दाबून बनवायच्या डाय तयार केल्या, तिथून ही कंपनी उभी राहिली.

पिस्तुलाची काडतुसं महिन्याला शे-दोनशे हवी असतील तर माझी पसंती लीच्या क्लासिक टरेटला आहे. तिच्या चकतीत चार भोकं असतात आणि पिस्तुलाच्या चारही डाय एकदाच लावून ठेवता येतात. मुख्य म्हणजे चकती आपोआप फिरवणारा गज काढून ठेवला की ती सिंगल स्टेजसारखी चालते. सुरुवातीचे काही महिने तशीच वापरा, हात बसला की गज परत घाला.

प्रेस पाहताना डायचा आटा ७/८-१४ आहे ना, हे विचारा. तो सर्वमान्य आटा आहे, त्यात कोणत्याही कंपनीच्या डाय बसतात. डिलनची स्क्वेअर डील बी याला अपवाद आहे, तिला तिच्याच डाय लागतात. जुने प्रायमर कुठे पडतात तेही पाहा. लीच्या क्लासिक कास्टमध्ये ते रॅमच्या, म्हणजे पुंगळी वर ढकलणाऱ्या खांबाच्या, पोकळीतून नळीत उतरतात. काही प्रेसमध्ये समोरच्या ट्रेमध्ये पडतात आणि त्यातले काही जमिनीवर. त्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, त्यामुळे ही बाब किरकोळ समजू नका.

टेबल मजबूत हवं. प्रेस लाकडी स्क्रूने नाही, आरपार बोल्टने बसवा. फळीची जाडी दीड इंचाच्या पुढे असेल तर उत्तम, आणि टेबल भिंतीला पक्कं केलेलं असावं. अपार्टमेंटमध्ये जागा नसेल तर जाड फळीवर प्रेस बोल्ट करून ती फळी सी-क्लॅम्पने भक्कम टेबलाला आवळता येते. पिस्तुलाच्या कामाला ते पुरतं, रायफलच्या साइझिंगला टेबल उचललं जातं.

डाय आणि शेल होल्डर

रायफलच्या संचात दोन डाय असतात : पूर्ण लांबीची साइझिंग आणि गोळी बसवायची. पिस्तुलाच्या संचात तीन, कारण पुंगळीचं तोंड किंचित पसरवणारी डाय वेगळी लागते. क्रिंपसाठी चौथी वेगळी डाय घ्या. गोळी बसवणं आणि क्रिंप एकाच डायमध्ये जमवणं शक्य आहे, पण नवख्याला ते छळतं. ९ एमएम पुंगळीच्या तोंडावर टेकून चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, बसतं, म्हणून त्याला टेपर क्रिंपच हवा, म्हणजे तोंडाची कड आत न वळवता नुसती दाबणारा. .३८ स्पेशलला रिव्हॉल्व्हरमध्ये कड आत वळवणारा रोल क्रिंप चालतो, गोळीवरच्या खाचेत.

शेल होल्डर ही पुंगळीचं बूड धरणारी छोटीशी वस्तू, आणि ऑर्डर देताना विसरली जाते ती हीच. लीच्या डाय संचात ती बहुतेक वेळा मिळते, इतरांत वेगळी घ्यावी लागते. तिचे नंबर कंपनीगणिक बदलतात. आरसीबीएसचा १६ नंबर ९ एमएमसाठी आहे आणि हॉर्नाडीचा १६ नंबर .२२३ साठी. नंबरवर जाऊ नका, डब्यावरचं काडतुसाचं नाव वाचा.

तोलणं : इथे हात आखडू नका

माझ्या मते पैसे घालायची खरी जागा ही आहे. प्रेस साधी असली तरी काडतूस चांगलं बनतं, काटा चुकला तर बाकी काहीच कामाचं नाही.

पावडर ग्रेनमध्ये तोलतात. एका पौंडात ७,००० ग्रेन. ब्रिटिश काळापासून प्रमाण मानलेला आपला तोळा बरोबर १८० ग्रेनचा, यावरून अंदाज येईल. काटा ०.१ ग्रेनपर्यंत वाचता आला पाहिजे, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिग्रॅम. पुस्तकातल्या किमान आणि कमाल प्रमाणात पिस्तुलाच्या काही काडतुसांत अर्ध्या ग्रेनचंही अंतर नसतं. त्यामुळे स्वयंपाकघरातला किंवा ग्रॅमवाला स्वस्त काटा इथे चालत नाही.

काटे दोन प्रकारचे. दांडीचा काटा विजेशिवाय चालतो, शून्यावर आणून ठेवला की तसाच राहतो, फक्त सावकाश आहे. डिजिटल जलद, पण खोलीचं तापमान, पंख्याचा वारा, ट्यूबलाइट, जवळ ठेवलेला फोन यांनी त्याचा आकडा सरकतो आणि तो सरकल्याचं कळतही नाही. पहिला काटा दांडीचा घ्यावा असं मी सांगते. डिजिटल घेतलात तर अर्धा तास आधी सुरू करून ठेवा. दोन्ही बाबतींत प्रमाणित वजनांचा छोटा संच घ्याच, आणि तुम्ही भरणार त्या प्रमाणाच्या आसपासचं वजन ठेवून दर बैठकीच्या सुरुवातीला आणि मध्येच एकदा काटा तपासा.

पावडर काढण्यासाठी पावडर मेजर नावाचं यंत्र असतं. त्यातली फिरती पोकळी ठरावीक आकारमानाची पावडर सोडते. ते मोजतं आकारमान, वजन नाही, म्हणून ते काट्यावर लावून घ्यावं लागतं आणि अधूनमधून तपासावं लागतं. लांब काड्यांसारख्या दाण्यांची रायफल पावडर त्यातून सारखी पडत नाही. तिथे थोडी कमी टाकून ट्रिकलरने दाणा दाणा सोडत काट्यावरच पूर्ण करायची. सुरुवातीला तर मेजरचीही गरज नाही. एक चमचा, ट्रिकलर आणि काटा यांवर पन्नास काडतुसं आरामात होतात, आणि प्रत्येक प्रमाण तुमच्या नजरेखालून जातं.

दोनदा पावडर पडण्याच्या धोक्यावर उपाय साधे आहेत. पन्नास भोकांचा लाकडी किंवा प्लास्टिकचा लोडिंग ब्लॉक घ्या. रिकाम्या पुंगळ्या तोंड खाली करून ठेवा, पावडर भरली की तोंड वर. सगळ्या भरल्या की एकही गोळी बसवण्याआधी टॉर्चने रांगेने आत पाहा, पातळी सारखी दिसली पाहिजे. एखादी वेगळी वाटली तर ओतून पुन्हा तोला. पुस्तकात एकाच गोळीसाठी अनेक पावडरी दिलेल्या असतात. त्यांतली अशी निवडा जिच्या एका प्रमाणाने निम्म्याहून अधिक पुंगळी भरते. मग दुसऱ्यांदा पडलेली पावडर बाहेर सांडते आणि चूक झाकली जात नाही.

व्हर्निअर, प्रायमर, साफसफाई

व्हर्निअर कॅलिपर सहा इंची, हजारांश इंचापर्यंत वाचणारं हवं. पुण्या-नाशिकच्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना मिटुटोयो हे नाव सांगावं लागणार नाही. तेवढं महाग नसलं तरी चालेल, डायलवालं घेतलं तर बॅटरीची कटकट नाही. त्याने पुंगळीची लांबी आणि तयार काडतुसाची एकूण लांबी पाहायची. ९ एमएमची कमाल एकूण लांबी १.१६९ इंच, .२२३ ची २.२६०. पण तुमच्या गोळीसाठी पुस्तक जी लांबी सांगतं, ती पाळायची.

प्रायमर बसवायला हातात धरायचं साधन घ्या. प्रेसवरही बसवता येतो, पण हातात प्रायमर तळाशी टेकल्याचं नेमकं कळतं. तो पुंगळीच्या बुडाशी समतल किंवा किंचित खोल बसला पाहिजे, वर उठलेला कधीच नको. प्रायमर हा या सगळ्यातला खरा स्फोटक पदार्थ. चष्मा घातल्याशिवाय त्याला हात लावू नका, अडला तर जोर लावू नका, आणि कारखान्याच्या खोक्यातून काढून बरणीत कधीही ओतू नका. मूळ खोक्यात ते एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असतात, ते यासाठीच.

साफसफाईला थरथरणारा टंबलर आणि मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भुसा नवख्याला पुरतो. स्टीलच्या पिना घालून पाण्यात फिरवणारा टंबलर पितळ नव्यासारखं चमकवतो, पण मग वाळवण्याचं काम वाढतं. भुसा चाळताना शिशाची धूळ उडते. ते काम घराबाहेर, मास्क आणि हातमोजे घालून करा. हात धुतल्याशिवाय पाणीही पिऊ नका. ज्या घरात लहान मूल रांगतं त्या घरात हे काम गॅरेजमध्येच व्हावं, गालिच्यावर नाही, याबाबत मी तडजोड करत नाही.

किट घ्यावा की सुटं?

बहुतेक कंपन्या प्रेस, काटा, मेजर, प्रायमरचं साधन आणि पुस्तक एकत्र विकतात. लीचा किट सगळ्यांत स्वस्त, आरसीबीएसचा आणि हॉर्नाडीचा बराच महाग. किटमध्ये एखाददुसरी वस्तू कमकुवत असतेच, बहुधा काटा. पण सुरुवातीला काय हवं तेच ठाऊक नसतं, तेव्हा किट सोयीचा पडतो. डाय, शेल होल्डर, व्हर्निअर आणि टंबलर त्यात सहसा नसतात, तो खर्च आधीच धरा.

जुनी प्रेस बेलाशक घ्या. बिडाची प्रेस पिढ्यान्‌पिढ्या टिकते, रॅम वर-खाली हलवून डगडग होत नाही ना एवढं पाहा. जुन्या डायमध्ये गंज किंवा आडवे ओरखडे नकोत. जुना काटा घेतलात तर वजनांनी तपासून घ्या. फोडलेल्या डब्यातली पावडर मात्र फुकट मिळाली तरी नको. आत नेमकं काय आहे हे सांगणारा डबा हा एकमेव पुरावा असतो, आणि उघडलेल्या डब्याबाबत तो पुरावा उरत नाही. तसंच दुसऱ्याने रिलोड केलेली काडतुसं आपल्या बंदुकीत झाडू नका, आणि आपली इतरांना देऊ नका.

आपोआप पावडर तोलणारी यंत्रं, पुंगळ्या तापवून नरम करणारं उपकरण, नेक साइझिंगच्या महागड्या डाय, गोळ्या ओतायचं सामान, हे सगळं पुढचं. एक वर्ष तरी यांच्या वाटेला जाऊ नका. उलट एक स्वस्त वस्तू पहिल्याच ऑर्डरमध्ये असू द्या : हातोड्यासारखा बुलेट पुलर. शंका आलेलं काडतूस त्याने उघडता येतं. हाताशी पुलर नसला की माणूस शंकेला फाटा देतो. त्यात रिमफायर काडतूस मात्र कधीही ठोकायचं नाही.

साठवण

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ४९५ क्रमांकाच्या नियमावलीनुसार घरात २० पौंडांपर्यंत धूरविरहित पावडर मूळ डब्यात आणि १०,००० पर्यंत प्रायमर ठेवता येतात. तुमच्या शहराची मर्यादा याहून कमी असू शकते. नवख्याला एक पौंड पावडर आणि हजार प्रायमर पुष्कळ झाले. दोन्ही थंड, कोरड्या जागी, एकमेकांपासून दूर आणि कुलपात. पावडर जाड पोलादी हवाबंद पेटीत ठेवणं सुरक्षित वाटतं, पण आग लागली तर आत दाब कोंडतो आणि तीच पेटी फुटते. डब्याचं झाकण उघडल्यावर आंबट, झोंबणारा वास आला किंवा लालसर तपकिरी धूळ दिसली तर ती पावडर बिघडली आहे, वापरू नका. कामाच्या टेबलावर एका वेळी एकच पावडर, एकच प्रकारचे प्रायमर. काम संपलं की मेजरमधली उरलेली पावडर त्याच डब्यात परत.

सामान आल्यावर

पहिल्या बैठकीला प्रायमर आणि पावडर कपाटातच राहू द्या. प्रेस बसवा, डाय लावा, पाच पुंगळ्या साइझ करा, मोजा, आणि प्रायमर-पावडरशिवाय त्यांत गोळ्या बसवा. एकूण लांबी पुस्तकाशी जुळेपर्यंत डाय थोडी थोडी फिरवा. पिस्तूल असेल तर नळी सुटी काढून हे नकली काडतूस चेंबरमध्ये टाका. ते आपल्या वजनाने आत टेकलं पाहिजे आणि नळी उलटी केली की सहज बाहेर आलं पाहिजे. अडकलं तर क्रिंप, तोंडाचा पसरटपणा किंवा गोळीची खोली, यांपैकी एक चुकलंय. जुळलेल्या नकली काडतुसावर पक्क्या शाईने खूण करून ते डायच्या डब्यात ठेवा. पुढच्या वेळी डाय लावायला तेच माप म्हणून वापरता येतं.

खरी काडतुसं करायला बसाल तेव्हा घर शांत असू द्या. फोन, टीव्ही, गप्पा, दारू काहीही नको. मध्येच दारावरची घंटा वाजली तर हातातली पुंगळी ओतून रिकामी करा आणि आल्यावर नव्याने तोला. पहिल्या खेपेला दहाच काडतुसं करा, किमान प्रमाणाची. डब्यावर चिठ्ठी लावा : तारीख, पुंगळी कोणाची आणि कितव्यांदा वापरलेली, प्रायमर, पावडरचं पूर्ण नाव आणि लॉट नंबर, प्रमाण, गोळी, एकूण लांबी. रेंजवर एकेक झाडा आणि दरवेळी पुंगळी उचलून पाहा. प्रायमर चपटा झालेला, पुंगळीच्या बुडाजवळ चकाकती रेघ, बंदुकीचा बोल्ट (काडतुसामागचा सरकता भाग) उघडताना जड जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर तिथेच थांबा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तरीही थांबा, बंदूक रिकामी करा आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का ते तपासा. पन्नास बनवून नेली असतील तर उरलेली चाळीस-पंचेचाळीस पुलरने एकेक उघडत बसावं लागेल, दहाच असतील तर ते काम अर्ध्या तासाचं आहे.